भाग २७ : घरच्यांसाठी तंबू घ्यायचाय, पैसे मोजकेच आहेत

दिवाळीनंतर आणि मग पुन्हा एप्रिल-मेमध्ये एक प्रश्न ठरलेला असतो : "चौघांसाठी टेंट घ्यायचाय, बजेट कमी आहे, कोणता घेऊ?" आज त्यावरच बोलू. मी कुठल्याही एका मॉडेलचं नाव सांगणार नाहीये. मॉडेलं दर वर्षी बदलतात. दुकानात उभं राहून काय बघायचं ते कळलं की नाव लागत नाही.

उदाहरण म्हणून एक घर धरू. आई, बाबा, नऊ वर्षांची मुलगी, पाच वर्षांचा मुलगा. गाडी आहे, छोटी. बजेट आठ हजार, आणि त्यातच सगळं बसवायचं. वर्षाकाठी तीन-चार रात्री बाहेर, त्यातली एक मेअखेरीस, काजवे बघायला भंडारदऱ्याकडे. आता मेअखेर म्हणजे वळवाचा पाऊस. दिवसभर ऊन, संध्याकाळी ढग, आणि मग वारा, विजा, तासभर धो धो. त्या एका तासात तळातून पाणी आत आलं, पोरं कुडकुडली, की पुढच्या वर्षी घरात "टेंट" हा शब्द काढायची सोय राहत नाही. म्हणून मी म्हणते, स्वस्त तंबूत गेलेले पैसे हे खरं नुकसान नाही. मुलांची पहिलीच रात्र वाईट गेली, हे खरं नुकसान.

तर पहिला प्रश्न दुकानातला नाहीच. पहिला प्रश्न हा : तुम्ही तंबूवर किती विसंबून राहणार आहात? धरणाच्या काठी, गावापासून लांब, रात्री धावत जायला जागा नाही, अशा ठिकाणी तंबू हेच तुमचं घर. तिथे तो भक्कमच लागतो आणि भक्कम तंबू आठ हजारांत चौघांचा मिळणं अवघड. पण काजव्यांच्या गावांमध्ये लोक अंगणात तंबू लावू देतात. दहा पावलांवर पक्की पडवी असते, संडास असतो, चुलीवरचं जेवण मिळतं. वीज कडाडायला लागली की पोरांना उचलून आत जायचं. वीज चमकताना तसंही तंबूत थांबायचं नाही, कितीही महागडा असला तरी. म्हणजे जागा नीट निवडली की साधा तंबू पुरतो. आजी सोबत असतील तर त्यांना घरात खोली घ्या. वाकून आत शिरणं आणि जमिनीवरून उठणं त्यांच्या गुडघ्यांना झेपत नाही.

आता आकडे. पिशवीवर "४ पर्सन" लिहिलेलं असतं त्याचा अर्थ चार माणसं खांद्याला खांदा लावून झोपतील, इतकाच. माणशी साधारण ६० सेंटिमीटर. म्हणजे चौघांचा तंबू सुमारे २४० सेंटिमीटर रुंद. सामानाची जागा त्यात धरलेली नसते. आपल्या उदाहरणातली दोन्ही मुलं लहान आहेत आणि बॅगा गाडीत राहतील, तेव्हा चौघांचा चालतो. मुलगी तेरा-चौदाची झाली, किंवा बॅगा आतच ठेवायच्या असतील, तर पाच-सहा जणांचा बघावा. पण उगीच मोठा घेऊ नका. तंबू जितका उंच आणि रुंद तितका वारा जास्त धरतो.

दुसरा आकडा मिलिमीटरचा. "१५०० एमएम", "२००० एमएम" असं लिहिलेलं असतं. कापडावर उभी नळी धरून त्यात पाणी भरत गेलं, तर किती उंचीपर्यंत कापड पाणी अडवतं, त्याचं ते माप. १५०० म्हणजे दीड मीटर उंचीचं पाणी. आपल्या कामासाठी वरच्या आवरणाला १५०० च्या खाली जाऊ नका, २००० असेल तर उत्तम. तळाला त्याहून जास्त हवं, कारण तिथे आपलं वजन पडतं. ओल्या जमिनीवर गुडघा टेकला की त्या एका जागी दाब किती वाढतो बघा. जिथे हा आकडाच लिहिलेला नाही, नुसतं "वॉटरप्रूफ" आहे, तो तंबू हिवाळ्यापुरता समजायचा.

पण आकड्याहून महत्त्वाची शिवण. पाणी कापडातून कमी आणि सुईच्या भोकांतून जास्त येतं. वरचं आवरण उलटं करा. शिवणीवर आतून पारदर्शक पट्टी चिकटवलेली दिसली पाहिजे. आणि तळाचं जाड कापड कडेने वीतभर तरी वर चढलेलं हवं, परातीच्या काठासारखं. तळाची शिवण जमिनीलगतच असेल तर पाणी तिथूनच शिरणार.

तिसरी गोष्ट, एक थर की दोन. एकदम स्वस्त तंबू एकाच कापडाचे असतात. चार माणसांच्या श्वासातून आणि अंगातून रात्रभरात लिटरच्या आसपास पाणी हवेत जातं. ते थंड कापडावर जमतं आणि पहाटे तोंडावर टपटपतं. लोक म्हणतात तंबू गळतो. तंबू गळत नसतो, आपलाच श्वास परत येत असतो. म्हणून आत जाळीचा तंबू आणि बाहेर जमिनीपर्यंत येणारं वेगळं आवरण, असे दोन थर घ्या. वरती टोपीएवढंच आवरण आणि खाली उघडी जाळी, असला नको. वळवाचा पाऊस आडवा येतो.

आता एक गोष्ट खास आपल्या मुलखाची. दोन खोल्यांचे, बोगद्यासारखे लांब तंबू फोटोत फार छान दिसतात. पण ते उभे राहतात खुंट्यांच्या जोरावर. खुंटी आत गेली तर तंबू उभा, नाही तर लोळागोळा. मऊ गवताच्या मैदानावर ते ठीक. आपल्या सह्याद्रीत बोटभर मातीखाली काळा कातळ लागतो. कोकणच्या सड्यावर जांभा. खुंटी वाकते, आत जात नाही. म्हणून आपल्याकडे घुमटाच्या आकाराचा, स्वतःच्या पोलवर उभा राहणारा तंबूच घ्यावा. ताणदोऱ्या मग मोठ्या दगडांना बांधता येतात. वाळूत तर पिशवीत वाळू भरून, दोरी बांधून, ती पिशवीच पुरायची. आणि ताणदोऱ्या बांधायच्याच, आभाळ कितीही निरभ्र असलं तरी. रात्री दोन वाजता वाऱ्यात कोणाला त्या सापडत नाहीत.

पोल. या किमतीत फायबरग्लासचेच मिळणार. ॲल्युमिनियम हलकं असतं, पण पाठीवर वाहायचं नसेल तर त्यासाठी जास्त पैसे घालू नका. फक्त जाडी बघा. चौघांच्या तंबूला साडेआठ मिलिमीटर तरी असावी. फायबरग्लास वाकत नाही, चिरतं. म्हणून पोलच्या जाडीवर बसेल अशी धातूची छोटी नळी सोबत ठेवा. तुटलेल्या जागी सरकवून वर चिकटपट्टी गुंडाळली की रात्र निभावते.

ज्यावर पैसे घालवू नका अशाही गोष्टी आहेत. फेकला की आपोआप उघडणारा तंबू मजेचा असतो, पण मिटल्यावर त्याची मोठी गोल थाळी होते, ती छोट्या गाडीच्या डिकीत बसते का ते आधी मोजा. "फोर सीझन" या शब्दालाही भुलू नका. ते बर्फाच्या आणि जोरदार वाऱ्याच्या प्रदेशासाठी असतात. आपल्या मे महिन्यात त्यात उकडून निघाल. आपल्याला हवी हवा खेळती : समोरासमोर दोन जाळ्या, आणि डास येणार नाहीत अशी बारीक वीण.

मग आठ हजार कसे वाटायचे? माझा हिशेब असा : पाच, फार तर साडेपाच हजार तंबूला. उरलेले तंबूच्या खाली आणि आत. थंडी वरून येते त्याहून जास्त जमिनीतून येते. फोमच्या मॅट घ्या, त्यावर घरातली सतरंजी, घोंगडी, गोधडी. तंबूखाली घालायला वेगळी "ग्राउंडशीट" विकत घेऊ नका. ताडपत्रीचा तुकडा किंवा जुन्या फ्लेक्सचं कापड चालतं. मात्र ते तंबूच्या तळापेक्षा चार बोटं लहान कापा. बाहेर डोकावलं तर पाऊस त्यावर साठतो आणि सरळ तुमच्या खाली येतो. एक डोक्याला लावायची बॅटरी, एक साधी. काजव्यांच्या जागी तीही खाली धरून, कमीत कमी वेळ. प्रकाशात काजव्यांना एकमेकांचे इशारे दिसत नाहीत.

वर्षाला एकच रात्र जाणार असाल तर विकत घेऊच नका. मुंबई-पुण्यात तंबू भाड्याने मिळतात. भाडं गुणिले रात्री, असा पाच वर्षांचा हिशेब मांडा आणि मग ठरवा. जुना घेत असाल तर तो उघडून नाकाशी धरा. आंबूस वास आला, किंवा आतली बाजू हाताला चिकट लागली, तर नको म्हणा. दमटपणाने आतला लेप सुटायला लागलेला असतो, तो दुरुस्त होत नाही. म्हणूनच आपलाही तंबू ओला कधी माळ्यावर टाकायचा नाही. घरी आल्यावर आधी दोरीवर, दोन दिवस, मग पिशवीत.

घेतल्यावर पहिली रात्र गच्चीवर. मुलांच्या हातूनच लावून घ्या. मग पाइपने वरून दहा मिनिटं पाणी सोडा, आत शिरून शिवणी बोटाने चाचपा. ओल लागली तर परत करायची मुदत अजून हातात आहे. बारीक ओल असेल तर शिवणीवर लावायचं सीलर मिळतं, ते भरा.

आणि शेवटचं, हे मी प्रत्येक भागात सांगेन. तंबूत शेगडी, स्टोव्ह, निखारे काही न्यायचं नाही. थंडी असली तरी नाही, दोन मिनिटांसाठीही नाही. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, झोपलेल्या माणसाला ते कळतच नाही. कापड पेटायला तर क्षण पुरतो. थंडी वाजली तर अजून एक गोधडी. मुक्कामाची जागा अभयारण्यात येत असेल तर वनविभागाची परवानगी आधी विचारा. ओढ्याच्या कोरड्या पात्रात आणि वाळक्या फांद्यांखाली तंबू लावू नका.

तर दुकानात जाताना हे पाच शब्द लिहून न्या : शिवण, तळ, दोन थर, घुमट, पोल. हे पाच जमले आणि रंग आवडला नाही, तरी घ्या. रंग रात्री दिसत नाही.

तुम्ही कुठे जाता आणि तिथली जमीन कशी आहे, कातळ, वाळू की माती, ते कळवा. पुढच्या भागात गाडीच्या डिकीतल्या स्वयंपाकघराबद्दल बोलू. तोवर, काळजी घ्या, भेटूच.