घराचे रक्षण : अडसर, शेजार आणि विवेक



जुन्या वाड्याच्या थोरल्या दरवाजात एक लहानशी दिंडी असे. आत येणाऱ्याला वाकूनच यावे लागे. रात्री भिंतीतला अडसर ओढून घेतला म्हणजे घर निर्धास्त होई. परंतु घराचे रक्षण केवळ अडसराने होत नसे. जागल्या गस्त घाली आणि गावात परके कोण आले याची वार्ता साऱ्यांना असे. आज घरे स्वतंत्र झाली, घरातील माणसे कामानिमित्त दिवसभर बाहेर राहू लागली. म्हणूनच या विषयाचा नव्याने विचार करणे अगत्याचे आहे.

पहिला विचार दाराचा. कुलूप कितीही भक्कम असले, तरी आखूड स्क्रूंनी बसविलेला कोयंडा पहारीने सहज उचकटतो. बाहेर लोंबणारे कुलूप तर घरात कोणी नसल्याची दवंडीच पिटते; दाराच्या आत बसविलेले कुलूप त्याहून बरे. मागील दार, न्हाणीघराची खिडकी आणि गच्चीचा जिना यांकडे बहुधा दुर्लक्ष होते. किल्ली पायपुसण्याखाली ठेवण्याची सवय सोडावी. लग्नकार्याला परगावी जाताना दागिने बँकेच्या लॉकरमध्ये ठेवावेत व विश्वासू शेजाऱ्याला सांगून जावे.

दुर्दैवाने घरफोडी झालीच, तर कशालाही हात लावू नये. ठसे पुसले जातात. ११२ या क्रमांकावर त्वरित कळवावे. प्रथम खबरीची प्रत विनामूल्य मिळणे हा फिर्याद देणाऱ्याचा हक्क आहे.

दुसरा विचार गावाचा. महाराष्ट्र ग्राम पोलीस अधिनियम, १९६७ अन्वये नेमलेला पोलीस पाटील आणि पोलिसांच्या देखरेखीखालील ग्रामरक्षक दल ही गावाची हक्काची साधने आहेत. रस्त्यावरील दिवे चालू ठेवणे आणि एकट्या राहणाऱ्या वृद्धांची विचारपूस करणे, ही पंचायतीच्या आवाक्यातील कामे होत.

मात्र सावधगिरी वेगळी आणि संशय वेगळा. १८७१ च्या कायद्याने परकीय सरकारने अनेक जमातींवर जन्मतःच गुन्हेगारीचा शिक्का मारला. तो कायदा १९५२ मध्ये रद्द झाला; मनातील शिक्का मात्र पुरता पुसला गेला नाही. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे, मुले पळविणारे आल्याच्या अफवेवरून, भटक्या समाजातील पाच जणांना ग्रामपंचायतीच्या कार्यालयात कोंडून जमावाने ठार केले. एप्रिल २०२० मध्ये पालघर जिल्ह्यातील गडचिंचले येथे चोर आल्याच्या अफवेतून दोन साधू व त्यांचा वाहनचालक प्राणास मुकले. ज्या वास्तूत गावाने आश्रय द्यावयाचा, तीच वधस्थान ठरावी, याहून मोठी नामुष्की कोणती?

भारतीय न्याय संहितेच्या कलमे ३४ ते ४४ अन्वये प्रत्येकाला स्वसंरक्षणाचा हक्क आहे. परंतु बचावास आवश्यक तेवढ्यापेक्षा अधिक इजा करण्याची मुभा त्यात नाही, आणि पोलिसांची मदत घेण्यास अवसर असताना तो हक्क उरत नाही. अनोळखी माणूस आढळल्यास त्याची शांतपणे विचारपूस करावी, पोलीस पाटलास बोलवावे, जमाव जमू देऊ नये. अफवा कानी आली, तर ती पुढे पाठविण्यापूर्वी पोलीस ठाण्यात खात्री करून घ्यावी. शिक्षकांनी ही गोष्ट मुलांना सांगितली, तर ती घरोघर पोहोचेल.

दाराला कडी हवी, शेजाऱ्याला हाक ऐकू जावी आणि दारी आलेल्या निरपराध माणसालाही भय वाटू नये. अशा गावातच घर खऱ्या अर्थाने सुरक्षित असते.