आधी पंखा बंद करा
(रौप्यमहोत्सवी सांस्कृतिक संध्येत केलेले भाषण)



मी बँकेत होतो म्हणून सोसायटीच्या २५ वर्षांच्या हिशोबावर बोलावं, असा समितीचा आग्रह होता. पण तो हिशोब ऑडिटरांनी तपासलेला आहे, स्मरणिकेच्या मागच्या पानांवर छापलेलाही आहे. तेव्हा आज मी आपल्या गाण्याच्या ग्रुपवर बोलतो. आवाजाचे धडे मी सत्तरीनंतर गिरवले, तेही आपल्याच बिल्डिंगमधल्या पोरांकडून, हे आधीच सांगून टाकतो.

२०२० च्या लॉकडाउनमध्ये हा ग्रुप सुरू झाला. घरात बसून फोनवर गाणं म्हणायचं आणि सगळ्यांना पाठवायचं. त्यावर फुलांचे गुच्छ, टाळ्या, 'वा वा'. सहा महिने असंच कौतुक चाललं. मग एकाने लिहिलं, 'काका, आवाज विहिरीतून आल्यासारखा वाटतोय.' पंधरा दिवस ग्रुपवर शुकशुकाट! त्यातून एक नियम झाला, तो आजतागायत टिकून आहे: विचारल्याशिवाय दोष सांगायचा नाही, आणि सांगितला तर उपायासकट सांगायचा. जनरल बॉडीतही हा नियम लागू करावा अशी माझी सूचना आहे. (हशा)

त्या विहिरीचं कारण साधं होतं. आपले हॉल म्हणजे गुळगुळीत फरशी आणि उघड्या भिंती. आवाज तिथे आपटून परत येतो आणि फोन तोही टिपतो. बेडरूममध्ये कपाटाची दारं उघडी टाका, पाठीमागे रजई टांगा, निम्मं काम झालं. फोन तोंडापासून वीतभर लांब आणि थोडा बाजूला धरा, म्हणजे 'फ' आणि 'भ' म्हणताना फुंकर थेट माइकवर बसत नाही. पंखा बंद करा. उन्हाळ्यात हे पटत नाही, पण गाणं चार मिनिटांचंच असतं. आणि पाण्याचा पंप सुरू असताना रेकॉर्डिंग करू नका. त्याची घुं-घुं पुढे कुठल्याही सॉफ्टवेअरने काढायला गेलात तर थोडा गळाही तिच्याबरोबर जातो.

कराओकेचा ट्रॅक स्पीकरवर लावून गाऊ नका, तो माइकमध्ये शिरतो. कानात इअरफोन घाला, तोही वायरचा. ब्लूटूथमध्ये आवाज किंचित उशिरा पोचतो आणि आपण तालात असूनही रेकॉर्डिंगमध्ये मागे पडतो. आवाजाची पट्टी लाल होऊ द्यायची नाही. डब्यात मावणार नाही एवढं ओतलं की सांडतं, मग मोठा डबा आणून उपयोग नाही. कमी आवाजात घेतलेलं नंतर वाढवता येतं, फाटलेलं शिवता येत नाही.

मिक्सिंग म्हणजे काय, असं आमच्या शेजारच्या वहिनी विचारतात. तानपुरा, तबला आणि गळा यांनी एकमेकांच्या अंगावर चढू नये, एवढंच. 'ऑडॅसिटी' हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं, त्यात हे सगळं होतं. गळ्याखालची घरघर, म्हणजे साधारण ८० हर्ट्झच्या खालचं, आधी कापावं. मग गळा आणि साथ यांचं माप जुळवावं. रिव्हर्ब शेवटी आणि मिठासारखा. आपल्याकडे काही जण वरणात मीठ घालायचं सोडून मिठात वरण घालतात.

मास्टरिंग ही तयार गाण्यावरची शेवटची नजर. बँकेत एक नियम असतो: ज्याने व्हाउचर तयार केलं, त्याने ते पास करायचं नाही. इथेही तसंच. स्वतःचं गाणं स्वतः पन्नास वेळा ऐकलं की कान बधिर होतात. म्हणून माझं गाणं ए विंगवाले तपासतात, त्यांचं मी. गाडीत, टीव्हीवर, साध्या फोनवर, तिन्हीकडे ऐकायचं. आवाज नुसता मोठा करण्याच्या मागे लागू नये. स्पॉटिफायसारख्या ठिकाणी सगळी गाणी साधारण एकाच पातळीला आणून वाजवली जातात, तिथे आरडाओरडा फुकट जातो. आणि व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवताना 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा, नाहीतर मेहनतीचा पार चोथा होतो.

आता ज्यासाठी उभा राहिलो ते सांगतो. सी विंगमधल्या आजी तुम्हाला माहीत आहेत. वय ८४, माहेर इथलंच, मुळशी खोऱ्यातलं. नातवाने त्यांच्या जात्यावरच्या चार ओव्या फोनवर घेतल्या आणि हौसेने एका स्टुडिओत 'चकाचक' करायला दिल्या. परत आल्या तेव्हा गळ्यातला कंप गेलेला, मधले श्वास कापलेले, मागे व्हायोलिन. आजींनी डोळे मिटून सगळं ऐकलं आणि म्हणाल्या, "गाणं चांगलं हाय रं, पर ही बाई कोन?"

ग्रुपवर दोन तट पडले. काहींचं म्हणणं, नातवंडांना ऐकवायचं तर आवाज स्वच्छ हवाच. त्यात चूक काही नाही. पण सूर सरळ करणारं ते ऑटोट्यून १९९७ साली बाजारात आणलं ते जमिनीखालचं तेल शोधण्यासाठी ध्वनिलहरींचं गणित करणाऱ्या एका इंजिनिअरने. ते सहसा सुराला पेटीच्या बारा पट्ट्यांपैकी जवळच्या पट्टीवर ओढून बसवतं. ओवी दोन पट्ट्यांच्या मधून चालते. तिला पट्टीवर बसवलं की ती ओवी उरत नाही.

आणि हे मुळशीत तरी आपल्याला कळायला हवं. हेमा राईरकर आणि मूळचे फ्रेंच असलेले गी पोइत्वँ यांनी 'गरीब डोंगरी संघटने'च्या कामातून याच डोंगरांतल्या बायकांच्या ओव्या गोळा करायला घेतल्या. पुढे हे काम महाराष्ट्रभर गेलं: हजाराहून अधिक गावं, तीन हजारांवर बायका, एक लाखाहून जास्त ओव्या. १९९० च्या दशकात बर्नार्ड बेल यांच्यामुळे त्यातल्या बऱ्याच ओव्या ध्वनिमुद्रित झाल्या. आपल्या तालुक्यातलं कोळवडे त्यात आहे, नांदगाव आहे. २०१७ पासून 'पारी'च्या संकेतस्थळावर त्या येऊ लागल्या. ऐकून बघा. बायका घरात बसून गातात. गळा थकलेला असला तर थकलेलाच ऐकू येतो, एकीचा शब्द दुसरी उचलते. कुणी त्यांना व्हायोलिन लावलेलं नाही.

आजींच्या ओव्यांचं मूळ रेकॉर्डिंग नातवाच्या फोनमध्ये होतं, म्हणून वाचलं. फोन बदलायच्या चार दिवस आधी ते आम्ही उतरवून घेतलं. पंख्याचा आवाज फक्त थोडा कमी केला, तोही प्रतीवर. आजी म्हणाल्या, "ही मी." तेव्हापासून मूळ फाइलला कुणी हात लावायचा नाही आणि ती दोन वेगळ्या घरांत ठेवायची, असं ठरलं. लेजरमध्ये खाडाखोड चालत नाही, तसंच.

आणखी एक. १९०२ साली कलकत्त्यात गौहरजान यांचं गाणं तबकडीवर घेतलं, तेव्हा शेवटी त्यांनी इंग्रजीत स्वतःचं नाव सांगितलं. तबकड्या जर्मनीत हॅनोव्हरला बनत, तिथल्या माणसाला गाणारी कोण हे कळायला हवं ना! तुम्हीही गाण्याआधी नाव, तारीख आणि गाणं कुणाकडून शिकलात ते बोला. आमच्याकडे एका कॅसेटवर माझ्या सासूबाई आणि त्यांच्या दोन बहिणी गातात. तिघींचे गळे सारखे, आणि आता सांगायला कुणीच नाही.

कॅसेटवरून आठवलं. माळ्यावर ज्यांच्या कॅसेट असतील त्यांनी त्या थेट टेपरेकॉर्डरमध्ये घालू नयेत. वरच्या कडेच्या दोन्ही प्लॅस्टिकच्या टिकल्या आधी मोडा, म्हणजे चुकून त्यावर दुसरं काही रेकॉर्ड होणार नाही. मग एकदा पूर्ण पुढे, एकदा पूर्ण मागे गुंडाळून घ्या. बुरशी दिसली तर वाजवूच नका, माझ्याकडे आणा. टेपरेकॉर्डर चालू स्थितीत आहे, त्याचं हेड मी दर रविवारी स्पिरिटने पुसतो.

येत्या रविवारपासून दुपारी चार ते सहा क्लब हाऊसच्या मागच्या खोलीत ज्येष्ठांची गाणी, ओव्या, आरत्या, अंगाई, जे येत असेल ते रेकॉर्ड करायचं आहे. पहिलं नाव आजींचं लिहिलंय, दुसरं अजून रिकामं आहे. त्या दोन तासांत पंप बंद ठेवायचं चेअरमनसाहेबांनी कबूल केलंय. तेव्हा भांडी आधी घासून घ्या.