रस्त्याचा प्रश्न बायकांचा आहे
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



दरवर्षी वर्धापनदिनाला मी स्वयंपाकाच्या बाजूला असते. यंदा चिटणीसबाईंनी हातातला झारा खाली ठेवायला लावून मला इथे उभे केले आहे. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. व्याख्यान म्हणतात ते मला जमायचे नाही. घरी ओट्यावर बसून बोलते तसेच बोलेन. चुकले तर पोटात घाला. विषय मात्र मी स्वतः मागून घेतला आहे. आपल्या जंगलभागातील रस्ते, पूल आणि एस. टी. यांवर सरकारने जास्त पैसा खर्च करावा, आणि ही मागणी आपल्या मंडळाने करावी, हा तो विषय.

गेल्या बैठकीत ही गोष्ट निघाली तेव्हा दोघीतिघी हसल्या. सडक, पूल ही पुरुषमंडळींची नाही तर पुढाऱ्यांची कामे. आपण हळदीकुंकू, शिवणवर्ग आणि बचतगट पाहावा, असे त्यांचे म्हणणे पडले. रागावून नव्हे, पण त्यांना उत्तर म्हणून मी सातवीवर का थांबले ते आधी सांगते.

माझे माहेर एटापल्लीच्या बाजूला, मोठ्या सडकेपासून दोन कोस आत. मध्ये नाला. गावात शाळा सातवीपर्यंत. १९९३ साली मी सातवी पास झाले, आणि गुरुजींनी बाबांना सांगितले की पोरीला पुढे शिकवा. आठवीची शाळा नाल्यापलीकडे. फाट्यापर्यंत चालायचे आणि तिथून एस. टी. धरायची. जूनमध्ये नाव घातले. पंधरा दिवस मी गेले. मग नाला भरला. बाबा म्हणाले, पाणी उतरू दे. पाणी उतरले तेव्हा रोवणे सुरू झाले होते. ते उरकेपर्यंत पुन्हा पाणी आले. पुढे पोळा, पुढे दिवाळी. तोवर हजेरीपटातून माझे नाव गेले होते. माझे बाबा शिक्षणाच्या विरुद्ध नव्हते हो. भावाला त्यांनी आश्रमशाळेत ठेवले. मुलीला तेवढ्या लांब ठेवायला आईचा जीव धजला नाही, इतकेच. कोणी मला शाळेतून काढले, असे मी म्हणू शकत नाही.

दुसरी गोष्ट माझ्या वहिनीची. ती आज माझ्याकडे पाहुणी आली आहे, मागल्या रांगेत बसली आहे. तिला विचारूनच सांगते. २००७ सालचा श्रावण होता. रात्री तिला कळा सुरू झाल्या. पहाटे बाजेला बांबू बांधून चौघांनी तिला उचलले, मी कंदील घेऊन पुढे. नाल्यावर रपटा होता, पण तो पाण्याखाली. पलीकडे माझ्या मामाने जीप आणून उभी केली होती, तिचे दिवे आम्हांला दिसत होते. तीन तास आम्ही त्या दिव्यांकडे पाहत बसलो. बाळ नाल्याच्या अलीकडेच जन्मले. मुलगा होता. तो रडला नाही. पाणी दुपारी उतरले.

हे जुने झाले, असे कोणी म्हणेल. बरेच सुधारले, हे मीही कबूल करते. २०१४ पासून १०८ ला फोन केला की गाडी येते. आशाताई घरी येऊन नोंद करतात. नाल्यापलीकडच्या गरोदर बाईने दिवस भरण्याआधीच येऊन राहावे म्हणून आरोग्यकेंद्राजवळ माहेरघरे काढली आहेत. योजना चांगली आहे. पण भगिनींनो, रोवण्याच्या दिवसांत दोन लेकरे, गुरे आणि आंधळी सासू टाकून कोणती बाई आठ आठ दिवस तिथे जाऊन बसेल? जी बसू शकत नाही तिच्यासाठी १०८ ची गाडी नाल्यापर्यंतच येते. जुलै २०२४ मध्ये भामरागड तालुक्यात एका गरोदर बाईला जेसीबीच्या खोऱ्यात बसवून पुराच्या पाण्यापलीकडे नेले. वर्तमानपत्रात फोटो आला, तुम्ही पाहिलाच असेल. पुष्कळांनी कौतुक केले. त्या यंत्रवाल्या भाऊचे कौतुक मलाही आहे. पण माती उकरण्याच्या खोऱ्यात आपली लेक बसवावी लागली, याचे काय?

भामरागड हा तर तालुक्याचा गाव. तिथे पर्लकोटा, पामुलगौतम आणि इंद्रावती या तीन नद्या भेटतात. पर्लकोटेचा जुना पूल इतका बुटका, की पाऊस जोर धरला की तालुका तुटला. २०१९ च्या पावसाळ्यात गावात पुन्हा पुन्हा पाणी शिरले. त्यानंतर उंच पुलाचे काम हाती घेतले गेले. पण लहान नाल्यांवरचे रपटे कोण मोजतो? मोठ्या पुलाच्या पायथ्याशी मंत्री येतात, रपट्यावर कोणी नारळ फोडत नाही.

आता पैशाबद्दल. सरकारजवळ पैसा नाही, असे म्हणून आपण गप्प बसतो. मी थोडे विचारून-वाचून पाहिले. वर्ध्याहून वरोऱ्याला आगगाडी इंग्रजांच्या राज्यात, एकोणिसाव्या शतकातच आली. ती कशासाठी? कोळशासाठी. जंगलातल्या सडका झाल्या त्या सागवान आणि बांबू बाहेर काढायला. अयोध्येच्या मंदिरासाठी २०२३ साली आपल्याच चंद्रपूर-गडचिरोलीचे सागवान बल्लारपुराहून वाजतगाजत निघाले. मला अभिमान वाटला, मी हात जोडले. पण मनात आलेच, की इथले लाकूड अयोध्येला पोहोचते आणि इथली बाळंतीण अहेरीला पोहोचत नाही. आता लोखंडाचे दगड वाहणारे ट्रक रात्रंदिवस धावतात. ज्याला न्यायचे असते त्याच्यासाठी वाट निघते. मुंबई-नागपूर समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटरचा. जून २०२५ मध्ये पूर्ण खुला झाला. त्याला पंचावन्न हजार कोटींच्या वर खर्च आला, असे सांगतात. त्या रस्त्याचा मला हेवा नाही. पण जे राज्य एवढे करू शकते, त्याला आपला नाला ओलांडता येत नाही, हे मला पटत नाही.

मग आपल्या वाट्याला कमी का येते? एक कारण माणसांच्या मोजणीत आहे. प्रधानमंत्री ग्रामसडक योजना २००० साली निघाली. तिचा नियम असा, की सपाटीवर पाचशे वस्तीचे गाव धरायचे, आदिवासी भागात अडीचशेचे, आणि नक्षली त्रासाच्या तालुक्यांत पुढे शंभरापर्यंत सूट. ऐकायला बरे वाटते. पण आपल्याकडे कित्येक टोले पंधरा-वीस घरांचे आहेत. त्यांची माणसे शंभरही भरत नाहीत. नाला मात्र पंधरा घरांसाठी लहान होत नाही. म्हणून राज्य सरकारने स्वतःच्या तिजोरीतून वेगळा पैसा ठेवावा, आणि आपल्या भागात डोकी मोजण्याऐवजी तुटलेले दिवस मोजावेत, असे माझे म्हणणे आहे. गाव वर्षातून किती दिवस तुटते, तेवढे पाहा. साठ दिवस तुटणारे गाव पहिले.

एस. टी. चेही तसेच. १७ मार्च २०२३ पासून आपल्याला अर्धे तिकीट झाले. सरकार उरलेली रक्कम महामंडळाला भरून देते. मला त्याचा फार उपयोग होतो. चंद्रपूरच्या दवाखान्यात मी आता एकटी जाऊन येते, कोणापुढे पैशाला हात पसरत नाही. पण जिच्या गावी गाडीच येत नाही तिला अर्धे काय आणि पूर्ण काय? काळी-पिवळीवाला अर्धे घेत नाही. एटापल्ली तालुक्यात गट्टा, गर्देवाडा, वांगेतुरी या रस्त्याने एस. टी. सुरू झाली ती १ जानेवारी २०२५ ला. मुख्यमंत्री स्वतः आले होते. स्वातंत्र्याला तेव्हा सत्त्याहत्तर वर्षे झाली होती. आमच्या ओळखीची एक म्हातारी त्या भागातली आहे. पहिल्यांदा गाडीत बसली तेव्हा चप्पल बाहेर काढून चढली, देवळात जावे तशी. आम्ही हसलो, आणि मग कोणालाच पुढे हसवेना.

आगगाडीचे थोडक्यात सांगते. आपल्या सबंध जिल्ह्यात स्टेशन एकच, वडसा. १९८२ साली जिल्हा झाला, तरी जिल्ह्याच्या गावाला रूळ नव्हते. वडसा ते गडचिरोली ही ५२ किलोमीटरची वाट मंजूर झाली, अर्धा खर्च केंद्राचा आणि अर्धा राज्याचा ठरला. काम रेंगाळले तसा खर्च फुगत गेला. घरात गवंडीकाम अर्धवट सोडले की काय होते ते तुम्हांला सांगायला नको.

रस्ता बांधून झाला की सरकारला वाटते काम संपले. आपण दर उन्हाळ्यात घरावरची कवेलू फेरतो की नाही? नवे घर म्हणून कोणी दोन पावसाळे तसेच सोडत नाही. सडकेचे मात्र उद्घाटन होते आणि मग ती खड्ड्यांच्या स्वाधीन. आलापल्ली ते सिरोंचा या सुमारे शंभर किलोमीटरांत ज्यांनी पावसाळ्यात एस. टी. ने अंग ठेचून घेतले आहे, त्यांना हे कळेल. म्हणून मागणी करताना बांधण्याचा पैसा आणि राखण्याचा पैसा, दोन्ही मागायचे.

आपल्यातल्या एका ताईंनी मला विचारले की सडक आली म्हणजे ट्रक येतील, दारू येईल, जंगल जाईल, ते तुला चालेल का? हा प्रश्न खरा आहे. त्यांना मी त्या दिवशी नीट उत्तर दिले नाही, आज देते. दारूबंदी आपल्या जिल्ह्यात १९९३ पासून आहे, आणि दारू तरी पायवाटेने येतच राहिली. तिला सडक लागत नाही, दवाखान्याला लागते. ट्रकांची भीती मलाही आहे. त्या मोठ्या सडकेवरून लेकराला शाळेत पाठवताना माझा हात सुटत नाही. म्हणूनच जड गाड्यांची वाट आणि गावाची वाट वेगळी मागावी, असे मला वाटते. जंगलाचे म्हणाल तर कायद्यातच वाट आहे. २००६ च्या वनहक्क कायद्यात शाळा, दवाखाना, सडक अशा गावाच्या कामासाठी एक हेक्टरच्या आतली जागा ग्रामसभेच्या शिफारशीने देता येते. हेक्टरी पंच्याहत्तरपेक्षा जास्त झाडे मात्र तोडायची नाहीत. म्हणजे ग्रामसभेत बायका बसल्या पाहिजेत. वाट कोणत्या मोहाच्या झाडाला वळसा घालून न्यायची, हे मोह वेचणारीला ठाऊक असते, साहेबाला नव्हे.

आणखी एक बोलले जाते, की लाडकी बहीणचे पंधराशे मिळतात, आता आणखी काय मागायचे? मी ते पैसे घेते, लपवत नाही. पण माझी वहिनी ब्यांकेत जाऊन यायला एक दिवसाची मजुरी बुडवते आणि जीपचे भाडे देते. पंधराशेतले तिच्या हाती किती राहिले, ते तिलाच विचारा.

तेव्हा माझी सूचना अशी आहे. आपल्या मंडळाने एक अर्ज करावा. एक प्रत बांधकाम खात्याला, एक पालकमंत्र्यांना, कारण जिल्हा नियोजन समितीत पैशाची वाटणी त्यांच्यासमोर होते, आणि एक अहेरीच्या आगाराला. राज्याचा अर्थसंकल्प मार्चमध्ये येतो, तेव्हा अर्ज दिवाळीच्या आत गेला पाहिजे. त्यात मोठमोठे शब्द नकोत. कोणत्या गावाला कोणता नाला आडवा येतो, तो गेल्या पावसाळ्यात किती दिवस बंद होता, आणि त्या दिवसांत कोण आजारी होते, कोणाची शाळा बुडाली, एवढे प्रत्येकीने आपापल्या माहेरचे आणि सासरचे लिहून द्यावे. आपल्या मंडळात पुष्कळ गावांच्या लेकी आहेत. सगळ्यांची माहेरे मिळून अर्धा तालुका होतो. साहेबांजवळ नसेल इतकी बिनचूक यादी आपल्याजवळ तयार होईल.

वही मी आणली आहे. जेवणानंतर पान वाटायच्या टेबलाजवळ ठेवते. ज्यांना लिहिता येत नाही त्यांनी माझ्याजवळ सांगावे, मी लिहून घेईन, अंगठा चालेल. पहिल्या पानावर माझ्या माहेरचा नाला लिहिला आहे. वहिनीने त्याखाली सही केली आहे.