कुंकवाची डबी आणि संशोधनाचं पोस्टर

(आठ मार्चच्या निमित्ताने कुर्ल्यात भरलेल्या मेळाव्यात केलेल्या भाषणाचे शब्दांकन.)



मला इथं 'मुली आणि विज्ञान' या विषयावर बोलायला सांगितलंय. एवढ्या मोठ्या विषयावर बोलावं इतकी मी मोठी नाही. औषधांची तपासणी होते त्या प्रयोगशाळेत मी नोकरी करते, तीही अजून नवीच आहे. म्हणून मी फक्त एका पोस्टरची गोष्ट सांगते. इथल्या काही जणींनी ते पाहिलंय. काही जणी त्या पोस्टरमध्ये आहेत. नावानं नाही, पण आहेत. माझं काही चुकलं तर त्यांनी मधेच थांबवावं.

पोस्टर म्हटलं की आपल्याला मोर्चातलं पोस्टर आठवतं. हे तसलं नव्हे. बी.फार्म., एम.फार्म. करणाऱ्या मुलामुलींसाठी संशोधनाच्या पोस्टरच्या स्पर्धा असतात. आपण केलेलं काम एका मोठ्या कागदावर मांडायचं. प्रश्न काय होता, काय केलं, काय सापडलं, त्याचा अर्थ काय. कागद फळीला लावायचा आणि शेजारी उभं राहायचं. परीक्षक येतात, वाचतात, पाच-दहा मिनिटं उलटसुलट विचारतात आणि पुढच्या फळीकडे जातात. आपल्या राज्यातल्या विद्यापीठांची 'आविष्कार' ही संशोधन स्पर्धा २००६ पासून होते. तिच्या सहा विभागांत वैद्यक आणि औषधनिर्माण यांचा मिळून एक विभाग आहे. शिवाय इंडियन फार्मास्युटिकल काँग्रेस असते. तिचं बहात्तरावं अधिवेशन जानेवारी २०२३ मध्ये नागपूरला झालं, तेव्हा आमच्या पुढच्या वर्गातली मुलं पोस्टरची नळकांडी खांद्याला अडकवून गेली होती. त्यांना बघून मलाही वाटलं, आपणही उभं राहून बघावं. आमची स्पर्धा काही एवढी मोठी नव्हती. आसपासच्या कॉलेजांची, एका दिवसाची.

विषय मला कॉलेजात नाही, आमच्या चाळीत मिळाला.

आमच्या शेजारी एक बाई राहतात, त्यांना आम्ही सगळे अक्का म्हणतो. त्यांची सून गरोदर होती. एकदा हळदीकुंकवाला तिनं डबी उघडली. कुंकवाच्या वरच्या ताटलीखाली तीन गोळ्या होत्या. मूळच्या लाल असणार, पण रंग ओघळून तपकिरी डाग पडलेले. मी बघितलं हे तिनं बघितलं आणि डबी पटकन मिटली. दुसऱ्या दिवशी नळावर मी तिला विचारलं, गोळ्या पट्टीतून काढून का ठेवल्यास? ती म्हणाली, "पट्टी वाजते गं."

हे वाक्य मला चार दिवस पुरलं. सासूबाईंच्या मते या गोळ्यांनी पोटातलं मूल फार वाढतं आणि बाळंतपण अडतं. असं मानणारी घरं कमी नाहीत. म्हणून ही रात्री अंधारात गोळी घ्यायची. पट्टी फोडली की चर्र आवाज होतो. दहा बाय बाराच्या खोलीत पाच माणसं झोपलेली. मग दुपारी घरात कोणी नसताना चार गोळ्या फोडून ठेवायच्या.

गरोदरपणात सरकारी दवाखान्यातून जी लाल गोळी मिळते, तिच्यात ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड असतं. २०१८ मध्ये आलेल्या 'ॲनिमिया मुक्त भारत' कार्यक्रमाप्रमाणे ती गरोदरपणी रोज एक, १८० दिवस, आणि बाळंतपणानंतर आणखी १८० दिवस घ्यायची असते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या बायकांपैकी ५४.२ टक्के जणींच्या अंगात रक्त कमी निघालं. त्याआधीच्या २०१५-१६ च्या पाहणीत तो आकडा ४८ होता. म्हणजे वाढला. सगळा रक्तक्षय लोहाच्या कमतरतेचाच नसतो, हे खरं. पण मोठा वाटा तिचा. आणि १८० दिवस गोळ्या पुऱ्या घेतलेल्या बाया देशभरात फक्त २६ टक्के. बाया गोळ्या घेत नाहीत, त्यांना समज नाही, असं आपण सगळ्यांनी भाषणांत ऐकलेलं आहे. इथं एक बाई घेत होती, चोरून घेत होती, आणि घेताना गोळीच बिघडत होती.

कशी बिघडते ते थोडक्यात सांगते, कारण ते घरी उपयोगी पडेल. गोळीतलं लोह ज्या रूपात असतं त्याला फेरस म्हणतात. दमट हवा लागली की ते हळूहळू फेरिक होतं; लोखंडी पहार पावसात गंजते त्याचंच भावंड समजा. फेरिक आतड्यातून तितकंसं शोषलं जात नाही. पट्टी असते ती दमट हवा लागू नये म्हणून. आता कुर्ल्याचा जुलै डोळ्यांपुढे आणा. मिठीकाठच्या खोल्यांत भिंतीला हात लावला तर ओला होतो.

मी आणि माझ्या वर्गातला एक मुलगा, आम्ही दोघांनी मिळून काम केलं. २०२२ च्या पावसाळ्यात गोळ्या चार तऱ्हांनी ठेवल्या. अखंड पट्टीत, कागदाच्या पुडीत, स्टीलच्या डबीत, आणि लुगड्याच्या गाठीत बांधतात तशा कापडात. पावसाळा सरल्यावर प्रयोगशाळेत नेल्या. ३७ अंशाच्या पाण्यात सहा नळ्यांच्या यंत्रात घालून त्या किती वेळात फुटतात ते पाहिलं. मग सेरिक अमोनियम सल्फेटचं टायट्रेशन करून फेरस किती उरलं ते मोजलं. या टायट्रेशनचं एक बरं असतं, ते फक्त फेरस मोजतं. फेरिक झालेलं लोह त्यात धरलं जात नाही. पट्टीतल्या गोळ्या चांगल्या राहिल्या. पुडीतल्या आणि कापडातल्या सर्वांत वाईट. डबीतल्या मधल्या. नमुना लहान होता, एका प्रयोगावरून जगाला शहाणं करायचं नसतं, तेही लिहिलं. त्या मुलानं निम्मं काम चोख केलं, हेही इथं सांगायला हवं.

पण माझ्या मनातलं पोस्टर निराळं होतं. मी आमच्या आणि पलीकडच्या गल्लीतल्या बायांशी बोलले होते. तुम्ही गोळ्या कुठं ठेवता आणि पट्टीतून का काढता? उत्तरं कशी होती, ऐका. पट्टी वाजते. मुलं खेळायला घेतात. नवऱ्याला वाटतं मी आजारी आहे, मग म्हणतो कामाला जाऊ नको. पलीकडच्या चाची म्हणाल्या, "बेटा, मैं तो पान के डब्बे में रखती थी, किसी को शक नहीं." मी याचा एक चौकोन केला, पोस्टरच्या उजव्या कोपऱ्यात. वर एक छोटं चित्र, कुंकवाच्या डबीचं.

आमच्या मार्गदर्शकांनी तो चौकोन पाहिला आणि म्हणाले, हे समाजशास्त्र झालं. परीक्षक औषधनिर्माणाचे असतील, गुण जातील, काढून टाक. रागावून नव्हे, माझ्या भल्यासाठीच सांगत होते. आणि मी काढला. भांडले नाही. घरी आईजवळही बोलले नाही. त्याच दिवशी नावांचा क्रमही ठरला: त्या मुलाचं आधी, माझं नंतर, कारण "तो बोलतो चांगलं". त्यावरही मी गप्प.

मी का गप्प बसले हे पुढं पुष्कळ वेळा मनाशी घोकलं. तेव्हा मला वाटायचं, शास्त्रात बाईचं म्हणणं येत नाही, मोजलेलंच येतं. नंतर जरा वाचल्यावर कळलं की मोजायचं कुणाला, हेच आधी ठरलेलं असतं. अमेरिकेत १९७७ साली औषध प्रशासनानं मूल होऊ शकेल अशा वयाच्या बायांना औषधांच्या सुरुवातीच्या चाचण्यांतून वगळायला सांगितलं. हेतू जपण्याचा, पण परिणाम असा की गोळीची मात्रा पुरुषांच्या अंगावर ठरायची. ती सूचना १९९३ मध्ये बदलली. झोल्पिडेम नावाची झोपेची गोळी आहे. बायांच्या रक्तात ती सकाळपर्यंत जास्त उरते, म्हणून तिथं २०१३ मध्ये बायांसाठीची मात्रा निम्मी करायला लागली. तोवर वर्षानुवर्षं बाया पुरुषांइतकीच घेत होत्या. आपल्याकडची उलटी गोष्ट इथल्या जुन्या कार्यकर्त्या माझ्यापेक्षा चांगली सांगतील. १९८५ साली हैदराबादजवळ पटनचेरूला नेट-एन या इंजेक्शनसाठी बायांना गोळा केलं गेलं, आणि १९८६ मध्ये स्त्री शक्ती संघटना, सहेली आणि चिंगारी या संघटना सर्वोच्च न्यायालयात गेल्या. तिथं बाया होत्याच, फक्त त्यांना पुरतं सांगितलेलं नव्हतं. कमला सोहोनींचं नाव तुम्ही ऐकलं असेल. १९३३ मध्ये बंगलोरच्या संस्थेत मुलगी म्हणून प्रवेश नाकारला, तेव्हा त्यांनी रामन यांच्यासमोर जाऊन तो मागून घेतला. मी तर एक कोपरा मागायला घाबरले.

असो. स्पर्धेचा दिवस. फेब्रुवारी २०२३. स्टेशनाजवळच्या फ्लेक्सवाल्याकडून पोस्टर छापून घेतलं, पैसे आईनं तिच्या भिशीतून दिले. हार्बरच्या लेडीज डब्यात नळकांडं घेऊन उभी होते. समोर एक बाई मांडीवर पिशवी ठेवून गवार मोडत होती. म्हणाली, "नकाशा आहे का गं?" मी उलगडून दाखवलं. गोळ्यांचे फोटो बघून ती म्हणाली, "या तर मी टाकून द्यायचे. कॉफीबरोबर घेतल्या की मळमळायचं." मी तिला सांगितलं की चहा-कॉफीबरोबर घेऊ नयेत, लोह शोषलं जात नाही, लिंबू पाण्याबरोबर घ्या, आणि शौचाला काळं झालं तर घाबरू नका. डब्यातल्या आणखी दोघींनी कान दिले. माझं खरं सादरीकरण बहुतेक तिथंच झालं.

हॉलमध्ये फळ्यांच्या रांगा. आमच्यापुढे दोन परीक्षक आले. पहिल्यांनी सगळे प्रश्न त्या मुलाला विचारले. टायट्रेशन मी केलेलं होतं, त्याला दर्शक कुठला वापरला हे आठवेना, तो माझ्याकडे बघायला लागला. मी म्हटलं, "फेरॉइन." परीक्षकांनी मान डोलावली आणि पुढचा प्रश्न पुन्हा त्यालाच विचारला.

दुसऱ्या परीक्षक वयस्क बाई होत्या. चष्मा कपाळावर सारून त्यांनी पोस्टर खालपर्यंत वाचलं. मग मला म्हणाल्या, "हे सगळं ठीक. पण बाई गोळी पट्टीतून काढते कशाला?"

उजव्या कोपऱ्यात, जिथं चौकोन होता, तिथं आता आभारप्रदर्शन होतं.

मी तोंडी सांगितलं. पट्टी वाजते इथपासून. पान के डब्बे पर्यंत. त्या ऐकत राहिल्या आणि म्हणाल्या, "हे लिहिलं का नाहीस? तुमचा निष्कर्ष आहे 'गोळ्या मूळ पट्टीतच ठेवाव्यात'. तो कुणाला सांगताय? जिला पट्टीत ठेवताच येत नाही तिला?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. मार्गदर्शकांनी काढायला लावलं असं म्हणायची सोय होती, पण काढलं माझ्या हातांनी होतं.

बक्षीस मिळालं नाही. सहभागाचं प्रमाणपत्र आहे, नावांचा क्रम तोच.

त्यानंतरच्या रविवारी मी पोस्टर आमच्या चाळीच्या गॅलरीत पसरलं. ज्यांनी वेळ दिला त्यांना दाखवायलाच हवं होतं. अक्का त्या दिवशी गावाला गेल्या होत्या, तो मुहूर्त मी मुद्दाम धरला होता. त्यांची सून तोवर बाळंत झालेली, मूल कडेवर. तिनं फोटो बघितले, आकड्यांवरून बोट फिरवलं आणि विचारलं, "माझी डबी कुठाय यात?" मी खरं ते सांगितलं. ती खट्टू झाली. तेवढ्यात दुसरी एक म्हणाली, "बरं झालं काढलंस. हे कुठं टांगलं असतं आणि माझ्या सासूनं वाचलं असतं तर? माझी लपवायची जागा एकच आहे."

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. मी इतके दिवस मनात मार्गदर्शकांशी भांडत होते, आणि ज्यांची गोष्ट लिहायची त्यांना लिहू का, म्हणून विचारलंच नव्हतं. दोघींची तिथंच जुंपली. एक म्हणे, लपवायला लागतं हे जगाला कळू दे. दुसरी म्हणे, जगाला कळू दे, घराला कळायला नको. चाची मधे पडल्या. म्हणाल्या, जागा लिहू नको, कारण लिही.

मग एका चार्टपेपरवर नवा चौकोन तयार झाला. मजकूर त्यांनी सांगितला, मी फक्त लिहून घेतला. पट्टी कात्रीनं एकेक गोळी सुटी होईल अशी कापायची, गोळीभोवतीचं आवरण न फोडता. म्हणजे लपवायला लहान, आणि हवा लागत नाही. आवाजाची युक्ती चाचींची: नळाला पाणी आलं की त्या आवाजात फोडायची. सासूला दवाखान्यात बरोबर न्यायचं आणि नर्सबाईंच्या तोंडून ऐकवायचं, ही अक्कांच्या सुनेची. कापलेली पट्टी मी नंतर प्रयोगशाळेत तपासून पाहिली. कड नीट राहिली तर चालते. कड उघडली तर नाही, म्हणून कापताना घाई करू नका.

पोस्टर आज मी आणलंय, त्या खिडकीजवळ लावलंय. उजव्या कोपऱ्यावर, आभारांवर, तो चार्टपेपर चिकटवलाय. चहा झाला की बघा, आणि कात्री तिथं दोऱ्याला बांधून ठेवली आहे, एक रिकामी पट्टीही आहे, कापून बघा.