गड मिळाले, आता राखायचे कसे?

(एका व्याख्यानमालेत केलेल्या भाषणाचा संपादित भाग)



११ जुलै २०२५ रोजी पॅरिस येथे युनेस्कोच्या जागतिक वारसा समितीने मराठ्यांच्या बारा दुर्गांना जागतिक वारसास्थळांच्या यादीत मानाचे स्थान दिले. त्यांतील अकरा दुर्ग महाराष्ट्रातील, तर बारावा तामिळनाडूतील जिंजी. आपण पेढे वाटले, आणि ते योग्यच होते. आज मात्र मला पेढे संपल्यानंतरचे बोलायचे आहे.

या यादीत शिरणे हे परीक्षा उत्तीर्ण होण्यासारखे नाही. नांदत्या घराची जबाबदारी घ्यावी, तसे ते आहे. दर सहा वर्षांनी स्थितीचा अहवाल द्यावा लागतो आणि व्यवस्थापनाचा आराखडा केवळ कागदावर असून भागत नाही. जर्मनीतील ड्रेस्डेनने एल्ब नदीवर पूल बांधण्याचा हट्ट धरला. २००९ मध्ये त्या खोऱ्याचे नाव यादीतून वगळले गेले. इतके दूर जाण्याचेही कारण नाही. आपली हंपी १९९९ मध्ये धोक्यातील वारशांच्या यादीत गेली, तीही पुलांच्याच बांधकामामुळे. तिथून बाहेर यायला २००६ साल उजाडले. दरम्यान कर्नाटक सरकारला त्या परिसरासाठी २००२ मध्ये स्वतंत्र कायदा करून प्राधिकरण नेमावे लागले. शहाणपण आले, पण ठेच लागल्यावर.

आपल्या बारा गडांचे धनी किती, हेही पाहा. रायगड, शिवनेरी, लोहगड, सिंधुदुर्ग यांच्यासह आठ दुर्ग केंद्राच्या पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाकडे. साल्हेर, राजगड, खांदेरी आणि प्रतापगड राज्याच्या पुरातत्त्व संचालनालयाकडे. पायथ्याला ग्रामपंचायत, काही ठिकाणी उतारावर वनखाते. पन्हाळ्यावर तर चक्क नगरपरिषद आहे, आणि पिढ्यान्‌पिढ्या नांदणारी वस्ती आहे. केंद्रीय संरक्षित स्मारकापासून शंभर मीटरपर्यंत बांधकामास बंदी आणि त्यापुढील दोनशे मीटरांत नियंत्रण, हा २०१० च्या दुरुस्तीने घातलेला नियम. राहत्या घराची भिंत दुरुस्त करायची तर कोणाचे दार ठोठवायचे, असे पन्हाळकर विचारतात, तेव्हा त्यांना वारसाद्रोही ठरवणे हा शुद्ध अन्याय आहे. गडावर राहणारा माणूसच जर गडाला अडचण मानू लागला, तर पहारेकरी आणायचे कोठून?

रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रातील दुर्गप्रकरण मी अधूनमधून काढून वाचतो. अठराव्या शतकाच्या आरंभीचा हा ग्रंथ. गड बांधण्याआधी पाणी पाहावे, एकाच पाण्यावर विसंबू नये. तटात रुजलेली झाडे वरचेवर काढावीत. केर गडाखाली न लोटता जागच्या जागी जाळावा आणि ती राख परसात घालून भाजीपाला करावा, असे बारकावे त्यात आहेत. आजच्या भाषेत याला व्यवस्थापन आराखडा म्हणतात. अमात्यांच्या आराखड्यात उद्‌घाटनाचा समारंभ नाही. वर्षानुवर्षे करायची कामे आहेत. आपले नेमके उलटे होते. कोटींची घोषणा एकदा होते, पण दर पावसाळ्यापूर्वी तटातील पिंपळाचे रोप उपटायला माणूस नसतो. ते रोप पहिल्या वर्षी हाताने निघते. दहा वर्षांनी त्याची मुळे चिऱ्यांत शिरलेली असतात, आणि वरून तोडले तरी आतून ते वाढतच राहते.

पत्रकार म्हणून एक कबुली द्यायला हवी. वीसेक वर्षांपूर्वी एका गडाच्या बुरुजाची दुरुस्ती झाली, तिचे कौतुक मी चार रकान्यांत केले होते. काही पावसाळ्यांनी पुन्हा गेलो, तेव्हा सिमेंट तसेच ठाम होते आणि शेजारचा मूळ दगड पापुद्रे सुटून गळत होता. चुन्याची भिंत ओल बाहेर सोडते. सिमेंट ती कोंडते, आणि कोंडलेली ओल दगड खाते. हे मला तेव्हा कळत नव्हते. बातमी लिहिण्यापूर्वी एखाद्या गवंड्याला तरी विचारायला हवे होते.

आता थोडे आपल्याच घरातले. सुटीच्या दिवशी फावडी घेऊन गडावर जाणाऱ्या तरुणांबद्दल मला नितांत आदर आहे. पण टाक्यातील गाळ म्हणजे नुसती माती नव्हे. त्यात खापरे, नाणी, तोफगोळे सापडू शकतात, आणि कोणता थर कोठे होता याची नोंद न होता गाळ उपसला गेला की तो पुरावा कायमचा गेला. परवानगीचा कागद हा सरकारी छळ वाटतो खरा (कधीकधी तो असतोही!), तरी तो मागायलाच हवा.

२०१३ मध्ये महालेखापरीक्षकांनी पाहणी केलेल्या संरक्षित स्मारकांपैकी ९२ स्मारके जागेवर आढळलीच नाहीत. म्हणून येथे जमलेल्या मंडळींना एकच काम सुचवतो. आपल्या तालुक्यातला एक गड निवडा, यादीतला नसला तरी चालेल. वर्षातून दोनदा, पावसाळ्याआधी आणि नंतर, ठरलेल्या त्याच जागी उभे राहून तट, दरवाजे, टाकी यांची छायाचित्रे घ्या. तारीख घालून वहीत नोंद करा, एक प्रत पुरातत्त्व कार्यालयात द्या आणि पोच घ्या. पहिली वही मी आजच सोबत आणली आहे. सभेनंतर ज्यांना पाहायची असेल त्यांनी मंचाजवळ यावे.