'भांडखोर' : वाक्यात उपयोग करा

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यातील भाषण)



आपली दहावी होऊन 25 वर्षे झाली. संयोजक म्हणाले, "तू आयटीतली, कॉम्प्युटरवर बोल." पण कॉम्प्युटरवर बोलायला इथे निम्मा वर्ग बसलाय. म्हणून मी मराठीच्या पेपरातला एक प्रश्न घेते : 'पुढील शब्दांचा वाक्यात उपयोग करा.' आणि शब्दही एकच : भांडखोर.

आपल्याला हा फुकटच्या मार्कांचा प्रश्न वाटायचा. 'राजू भांडखोर आहे' लिहिले की झाले. नोकरीत इतकी वर्षे काढल्यावर मला तो पेपरातला सगळ्यात अवघड प्रश्न वाटतो. शाळेत विशेषण चुकले तर आपला मार्क जायचा. ऑफिसात चुकले तर दुसऱ्याचा जातो.

आधी थोडी गंमत. माझी मुलगी इंग्रजी माध्यमात शिकते. एकदा ती म्हणाली, "आई, बाबा फार वादक आहेत." तिच्या बाबांना साधी टाळीसुद्धा तालात वाजवता येत नाही! वाद घालणारा तो वादक, असा तिचा सरळ हिशेब. हिशेब चूक नव्हता, फक्त भाषा तसा हिशेब मानत नाही. वादक तबल्याचा असतो, वादी कोर्टात असतो, आणि वादग्रस्त तर तिसराच.

हा 'वादग्रस्त' मोठी माणसेही चुकवतात. "तो फार वादग्रस्त माणूस आहे, प्रत्येक गोष्टीत वाद घालतो," असे म्हणतात. शब्दाचे शेपूट बघा. पूरग्रस्त, कर्जग्रस्त, वादग्रस्त. 'ग्रस्त' म्हणजे गिळलेला. ग्रहणातला खग्रास आठवा, त्यातला ग्रास तोच. वादग्रस्त माणूस स्वतः एक शब्द बोललेला नसेल, पण वादाने त्याला गिळलेले असते. सात-बाऱ्यावरची जमीन वादग्रस्त असते, ती बिचारी कोणाशी भांडते?

आता 'भांडखोर'. हे 'खोर' फारसीतून आले, त्याचा अर्थ खाणारा. लाचखोर लाच खातो, नफेखोर नफा खातो. भांडखोराचे पोट भांडणावर भरते. म्हणजे ग्रस्त तो गिळला गेलेला आणि खोर तो खाणारा. खरा भांडखोर ओळखायची खूण याच शेपटात आहे. मुद्दा मिटला की बाकीचे सुटकेचा श्वास सोडतात, हा मात्र उपाशी राहतो आणि नवा मुद्दा शोधतो. मुद्दा मिटल्यावर जो आनंदाने चहा प्यायला येतो, त्याला भांडखोर म्हणणे हा चुकीचा वाक्यात उपयोग आहे.

'हुज्जत' या शब्दाची गोष्ट तर चटका लावणारी आहे. अरबीत त्याचा अर्थ युक्तिवाद, पुरावा. आपल्याकडे येईपर्यंत तो 'पोलिसाशी हुज्जत घातली' इतका खाली उतरला. पुरावा मागणारा माणूस हुज्जतखोर वाटायला लागतो तो असा.

आपल्या जुन्या न्यायशास्त्राने मात्र हे नीट वेगळे काढून ठेवले आहे. गौतमाच्या न्यायसूत्रांत चर्चेचे तीन प्रकार सांगितले आहेत. खरे काय ते शोधायला चालतो तो वाद. जिंकायला चालतो तो जल्प. आणि स्वतःची बाजूच न मांडता फक्त समोरच्याचे मोडत राहायचे, ती वितंडा. वितंडवादी हा शब्द आपण सरसकट वापरतो, पण त्याची परीक्षा सोपी आहे. त्याला विचारा, "बरं, मग तुझं म्हणणं काय?" उत्तर आले तर तो वितंडवादी नाही. आमच्या कोड रिव्ह्यूमध्ये मी हाच प्रश्न विचारते. "हे चालणार नाही" म्हणणाऱ्याला "मग काय चालेल?" एवढे विचारले की जल्प, वितंडा आणि वाद पाच मिनिटांत वेगळे होतात.

आता मुख्य गोष्ट. व्याकरणात 'भांडखोर' हे न बदलणारे विशेषण आहे. चांगला मुलगा, चांगली मुलगी. पण भांडखोर मुलगा, भांडखोर मुलगी. लिंग बदलले तरी शब्द तोच. व्यवहारात मात्र शब्दच बदलतो. तो ठाम असतो, ती भांडखोर असते. तो स्पष्टवक्ता, ती फटकळ. कजाग सासू आपण सगळ्यांनी ऐकली आहे, कजाग सासरा कोणी ऐकलाय? बुलढाण्याच्या ताराबाई शिंद्यांनी 1882 साली 'स्त्रीपुरुष तुलना' लिहून हेच विचारले. बायकांना चिकटवलेला एकेक दुर्गुण घेतला आणि तो पुरुषांत किती भरलाय ते दाखवले. पुस्तकावर टीका झाली, तेव्हा जोतीराव फुले 'सत्सार'मधून त्यांच्या बाजूने उभे राहिले. बाजू होती, कारणे होती, म्हणजे न्यायशास्त्राच्या हिशेबाने तो वादच.

माझ्या एका जुन्या कंपनीतली गोष्ट सांगते. प्रमोशनच्या कमिटीत मी होते. दोन वर्षे अनुभव असलेल्या एका मुलीच्या फॉर्मवर लिहिले होते, 'आर्ग्युमेंटेटिव्ह आहे.' त्याच टीममधल्या एका मुलाच्या फॉर्मवर, 'ठाम मते मांडतो.' मी म्हटले, विशेषण बाजूला ठेवू आणि क्रियापदाने वाक्य करू. ती कधी, कशावरून, काय बोलली? मग वाक्य असे झाले : 'जुना डेटा नव्या सिस्टीमवर नेण्याआधी बॅकअप परत लावून पाहावा, असा तिने तीन मीटिंगमध्ये आग्रह धरला.' खोलीत शांतता झाली. ज्यांचे पैसे आणि हिशेब त्या डेटात होते, त्यांच्या बाजूने ती बोलत होती. विशेषण खोडावे लागले नाही, त्याला वाक्यात जागाच उरली नाही. त्या वर्षी तिचे प्रमोशन झाले नाही, पुढच्या वर्षी झाले. पण तो शब्द तिच्या फॉर्मवर राहिला नाही, आणि असे शब्द फॉर्मवर राहिले की माणसाच्या मागे वर्षानुवर्षे फिरतात.

म्हणून माझी एवढीच विनंती. इथे बरेच जण आता साहेब, मॅडम, मुख्याध्यापक, सासू-सासरे झाले आहेत. घरातल्या सुनेबद्दल, हाताखालच्या पोराबद्दल, वर्गातल्या प्रश्न विचारणाऱ्या मुलीबद्दल 'भांडखोर' म्हणण्याआधी एक वाक्य क्रियापदाने करून बघा. कोण, कशावरून, काय बोलले? त्यानंतरही विशेषण लागलेच, तर खुशाल लावा. खरे भांडखोरही जगात आहेतच, काही या सभागृहातही आहेत, आणि त्यांची जेवणाची सोय संयोजकांनी वेगळी केली आहे!

ज्या बाईंनी आपल्याला वाक्यात उपयोग करायला शिकवले, त्या आज समोर बसल्या आहेत. बाई, उत्तर तपासून मार्क द्यावेत. कमी पडले तर मी वाद घालीन, हुज्जत नाही.