जुन्या यंत्रांचा सांभाळ

भाईंदर स्टेशनाहून पश्चिमेस जाणारी वाट समुद्रापाशीं संपते, तेथें उत्तन हें कोळ्यांचें गांव आहे. लांकडी होडी जुनी झाली म्हणून तेथें कोणी ती टाकून देत नाहीं. फळी बदलतात, सांधे भरतात, इंजिनाचा झिजलेला भाग काढून दुसरा बसवितात. परंतु घरांतला संगणक दहा वर्षांचा झाला, कीं तो 'गेला' असें आपण सहज म्हणून टाकतों. खाऱ्या वाऱ्यानें किनाऱ्यावर तांबेंपितळ लवकर काळवंडतें, हें खरें. तरी पुष्कळदां अशा यंत्राचा एकहि भाग बिघडलेला नसतो.

१४ ऑक्टोबर २०२५ रोजीं मायक्रोसॉफ्टनें विंडोज १० ची नेहमींची देखभाल थांबविली. विंडोज ११ ला नवा प्रोसेसर आणि टी. पी. एम. २.० ही सुरक्षेची सोय लागते. त्यामुळें असंख्य चालतीं यंत्रें निराधार झालीं. त्यांतील बहुतेकांस लिनक्स आश्रय देऊं शकतें. पण लिनक्सचा आश्रय तरी कशावर टिकतो?

संगणकांतील कार्यक्रम स्मृतीशीं किंवा कळफलकाशीं परभारें बोलत नाहींत. मध्यें 'कर्नल', म्हणजे प्रणालीचा गाभा असतो. प्रत्येक जातीच्या प्रोसेसरासाठीं व जोडणीसाठीं त्यांत निराळा मजकूर लिहावा लागतो. गाभ्याची अंतर्गत रचना नित्य बदलते आणि तिच्याबरोबर जुना मजकूरहि बदलावा लागतो. ज्याच्यापाशीं तें यंत्र आहे असा कोणी उरला नाहीं, तर तो बदल बरोबर झाला कीं नाहीं हें कळणार कसें?

लिनस टोरवाल्ड्स यांनीं १९९१ सालीं ज्या ३८६ प्रोसेसरावर लिनक्स लिहिलें, त्याचाच आधार २०१३ सालच्या ३.८ आवृत्तींतून काढला गेला. पुढील ४८६ मध्यें आलेल्या कांहीं आज्ञा ३८६ ला ठाऊक नव्हत्या. त्याच्यासाठीं सर्वत्र वेगळी तजवीज ठेवावी लागे. हा निर्णय मला योग्य वाटतो. कृतज्ञतेपोटीं सगळ्यांनींच ओझें वाहावें असें नाहीं.

मात्र केवळ वयावरून निकाल लागतो असें समजूं नये. इंटेलचा इटॅनियम प्रोसेसर २००१ सालचा. त्याचा आधार जानेवारी २०२४ मधील ६.७ आवृत्तींत संपला. उलट मोटोरोलाचें ६८००० हें घराणें १९७९ पासूनचें. त्यांतील पुढच्या प्रोसेसरांचा आधार त्यानंतरहि गाभ्यांत राहिला, कारण जुन्या अमिगा व अटारी यंत्रांवर प्रेम करणारे हौशी लोक तो चालवून पाहतात. तरुणास वाली मिळाला नाहीं, म्हाताऱ्यास मिळाला!

आपल्या मराठीचीहि एक गोष्ट येथें आठवते. पुण्याच्या सी-डॅक संस्थेचें जिस्ट कार्ड डॉसच्या काळांत संगणकाच्या आय. एस. ए. खांचेंत बसवीत आणि पडद्यावर देवनागरी उमटे. ती खांच आतां घरगुती संगणकांत येत नाहीं. पण 'इस्की' ही अक्षरांची सांकेतिक व्यवस्था १९९१ सालीं भारतीय मानक म्हणून प्रसिद्ध झाली होती. म्हणून तींत लिहिलेला मजकूर आजहि युनिकोडमध्यें आणतां येतो.

आतां घरच्या यंत्राविषयीं. प्रथम तें ६४ बिटी आहे कीं ३२ बिटी, तें पाहावें. ६४ बिटी असल्यास चिंतेचें कारण थोडें. पेन-ड्राइव्हवरून लिनक्स चालवून वाय-फाय, छपाईयंत्र आणि आवाज तपासावा, मगच आंत बसवावें. ३२ बिटीची वाट अरुंद होत आहे: ऑगस्ट २०२५ मध्यें आलेल्या डेबियन १३ नें त्यासाठीं गाभा देणेंच सोडलें. अशा यंत्रावर बँकेचे व्यवहार करूं नयेत, असें मी स्पष्ट सांगेन.

आणि एखाद्या नव्या आवृत्तींत जुनें यंत्र अडलें, तर? दोन आवृत्त्यांमध्यें दहाबारा हजार बदल असतात. त्यांच्या मधला बदल घ्यावा, यंत्र चालतें का पाहावें. चाललें तर पुढचा अर्धा भाग, अडलें तर मागचा. अशा सुमारें चौदा खेपांत अपराधी बदल सांपडतो. गाभा तयार करण्याचें जड काम दुसऱ्या वेगवान यंत्रावर करतां येतें. पण चालवून पाहण्यास तें जुनेंच यंत्र लागतें, आणि तें उत्तनमधील एखाद्या घरींच असेल.